घाटापुरती पुढची जागा

रस्त्यांच्या सौंदर्याबद्दल माझ्यासमोर कुणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरातली पोरं सुट्टीच्या दिवशी गाडी काढतात आणि संध्याकाळी फोटो दाखवत बसतात. हा ताम्हिणी, हा माळशेज, हा वरंधा. बघा की, पोटभर बघा, माझं काही म्हणणं नाही. पण मग त्यातलं कुणीतरी लाडात येऊन विचारतं, आजी, तुझा आवडता रस्ता कुठला? मी म्हणते, मला झोप आलीय. खरं सांगायला बसले तर त्यांच्या सगळ्या सहलीवर पाणी पडेल.

तर ते इथं लिहिते. माझा आवडता रस्ता म्हणजे खंडाळ्याचा घाट. जुना घाट, तो नवा सहापदरी नव्हे. आणि त्या रस्त्याची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रस्त्याचा काही दोष नाही, तो बिचारा गपगुमान पडून असतो. राग आहे तो माणसांचा.

आमचं घर चाकणच्या अलीकडं, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगा आहेत. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड होते आणि वडांच्या पलीकडं आमचा कांदा-बटाटा. दुपारच्याला वडाखालून बैलगाडी गेली की ऊन-सावली, ऊन-सावली अशी बैलांच्या पाठीवरून सरकत जायची. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पिंपरीला नुकते कारखाने उभे राहायला लागले होते आणि तिकडचे साहेब लोक कधीमधी मोटारीतून आमच्या दारावरून जायचे. आम्ही पोरं धुळीत उभी राहून बघायचो.

लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या देहूरोडला लिलावात निघायच्या. तसा एक ट्रक आमच्या थोरल्या चुलत्यांनी घेतला. त्यांना सगळा गावच आबा म्हणायचा. घरात शब्द त्यांचा. माझे वडील धाकटे, लढाईत मिलिटरीची गाडी चालवून आलेले, म्हणून ट्रक चालवायचे ते आणि मालकी आबांची. वडील गाडी चालवण्यात वाघ होते. आबांपुढं मात्र त्यांची मान कधी वर झालेली मी पाहिली नाही.

आता शेतकऱ्याच्या घरात ट्रक आला म्हणजे काय होतं ते ऐका. तो बैलांत जमा होतो. पोळ्याला आमच्या ट्रकच्या बंपरला हिंगूळ लागायचा, बॉनेटवर झूल पडायची, आणि पुढच्या जाळीला पुरणपोळी चिकटवून तिच्यावर तूप सोडायचे. त्या दिवशी ट्रक सुरू करायचा नाही, बैलाला जू नाही तर ट्रकलाही हँडल नाही. इथवर ठीक होतं, मला त्याची गंमतच वाटायची. पण आमच्याकडं आणखी एक रीत होती. बाईनं नांगराला हात लावायचा नाही आणि जू ओलांडायचं नाही. खुरपणी बाईची, काढणी बाईची, पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणं बाईचं, फक्त जू तेवढं बाप्यांचं.

ट्रक आल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझी चुलती, म्हणजे आबांची बायको, पुढं केबिनमध्ये बसून खेडच्या बाजाराला निघाली. वाटेत एक म्हैस आडवी आली. वडिलांनी तिला वाचवायला गाडी वळवली आणि पुढचं चाक चारीत गेलं. कुणाला खरचटलंही नाही. पण आबांनी चारीच्या कडेला उभं राहून निवाडा केला. स्टिअरिंग म्हणजे जू, बाई जुवापाशी बसली म्हणून असं झालं. म्हशीला कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरच्या बाया ट्रकच्या मागं, हौद्यात.

तुम्ही कधी कांद्याच्या ट्रकच्या हौद्यात बसला आहात का? तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या फळ्या. खाली पोती टाकून बसलं की वर आभाळाचा तुकडा दिसतो आणि झाडांचे शेंडे पळताना दिसतात. उघडी बाजू एकच, मागच्या फाळक्याची. त्याच्यावरून रस्ता दिसतो, पण गेलेला. आमच्या घरचे लोक देवाला खूप जायचे. जेजुरीला जाताना दिवे घाट, मांढरदेवीला जाताना खंबाटकी, कार्ल्याची एकवीरा. ह्या मुलखातले चांगले चांगले रस्ते माझ्या आईनं पाहिले ते सगळे असे, पाठमोरे. डोंगर समोर येतो आणि मोठा होत जातो, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्यासाठी डोंगर एकदम बाजूनं उगवायचा आणि लहान होत जायचा.

मी लहान होते तोवर मला पुढं बसता यायचं, वडिलांच्या आणि आबांच्या मधे. गाडी कुठं थांबली की आई फाळक्यापाशी येऊन मला विचारायची, पुढं काय काय होतं. मी सांगायची, ती नीट ऐकायची. मग मला न्हाण आलं आणि आबांनी चुलतीकरवी निरोप दिला की उद्यापासून पोरगी मागं. झालं. माझी जागा एका रात्रीत गेली. मी रडून गोंधळ घातला, मार खाल्ला आणि हौद्यात जाऊन बसले. वडिलांनी ब्र काढला नाही.

आईला एकच गोष्ट हवी होती. तिला खंडाळ्याचा घाट पुढून बघायचा होता. वडील माल घेऊन मुंबईला जायचे आणि आल्यावर जेवताना तिला घाटाचं सांगायचे. एका वळणावर डोंगर असा बाजूला होतो आणि खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. आगगाडी एका बोगद्यातून निघते आणि दुसऱ्यात शिरते, मधे तेवढीच क्षणभर दिसते. वडील एरवी मुके, पण घाटाचं बोलायला लागले की त्यांचा हात ताटातला घास सोडून हवेत वळणं घ्यायचा. आई भाकरी थापता थापता थांबायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं स्वतःसाठी लुगडं मागितलं नाही, सोन्याचा डाग मागितला नाही. हा घाट मात्र मागितला.

मागायचं तरी कसं? थोरल्या दिराशी ती बोलत नसे, तशी रीतच होती. तिनं वडिलांना सांगायचं, वडिलांनी आबांना. वडील म्हणायचे, बघू. त्यांचं बघू म्हणजे विषय संपला. मग तिनं मला पुढं केलं. मी आबांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची आणि म्हणायची, आई म्हणती घाटात तेवढं पुढं बसू द्या. आबा पाणी प्यायचे आणि तांब्या परत द्यायचे. असं मी कितीदा केलं त्याला गणती नाही.

शेवटी एका वर्षी खरिपाचा बटाटा चांगला पिकला, भावही बरा आला, आणि त्याच मार्गशीर्षात खोपोलीच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न निघालं. आबांचा त्याच्याशी घरोबा होता. सगळ्यांनी जायचं ठरलं. आबा खुशीत होते. मी तांब्या घेऊन गेले तर म्हणाले, बरं, घाटापुरतं. खंडाळ्यात गाडी थांबवून नारळ फोडू, तिथून खाली खोपोलीपर्यंत बसू दे तिला.

आई त्या दिवशी गोठ्यात जाऊन एकटीच हसत होती. मी पाहिलं.

लग्नाला निघालो तेव्हा तिनं हिरवं इरकली नेसलं होतं, लग्नातलं. चुलती म्हणाली, अगं धुळीत कशाला, खोपोलीत बदल. आईनं ऐकलं नाही. इंदोरीवरून तळेगाव, मग वडगाव, कामशेत, लोणावळा. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ, गवत पिवळं झालेलं. हौद्यात आम्ही दोघी, चुलती, दोन शेजारणी आणि आहेराची भांडी. आई फाळक्याकडं बघतही नव्हती. मागचा रस्ता आज तिला नको होता.

खंडाळ्याला घाट सुरू व्हायच्या अलीकडं गाडी थांबली. वडिलांनी फाळका पाडला. आई खाली उतरली, लुगड्याचा घोळ झटकला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आबांनी चाकापुढं नारळ फोडला. तिला खोबऱ्याचा तुकडा दिला. तिनं पायरीवर पाय ठेवला. मी हौद्याच्या फळीच्या फटीतून सगळं बघत होते.

तेवढ्यात पुढून एक साहेब हात करत आला. त्याची मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती, तोंड उघडं टाकून. त्याच्यामागून त्याची बायको, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पर्स. पिंपरीच्या कारखान्यातले, मुंबईला निघालेले. मोटार बंद पडलीय, खोपोलीपर्यंत सोडता का, तिथून रेल्वे पकडू, असं तो म्हणाला. चांगला माणूस होता. नीट बोलत होता, अहो-जाहो करत होता. त्याचा माझा काही तंटा नाही.

आबांना तर काय करू आणि काय नको असं झालं. कारखान्यातला साहेब, उद्या ओळख उपयोगी पडेल, पोरं कामाला चिकटतील. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं केबिनची सीट पुसली. आई पायरीवर पाय ठेवून उभीच होती. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "जरा बाजूला व्हा." ती बाजूला झाली. साहेब आत चढला. आणि मग बाईसाहेब चढली. बाई. केबिनमध्ये. जुवापाशी. आबांनी तिला हात देऊन वर चढवलं.

त्या बाईला बिचारीला काहीतरी जाणवलं. ती आईकडं बघून म्हणाली, अहो, ह्या बसणार होत्या ना इथं? मी मागं बसते, मला चालेल.

आणि आबा हसून म्हणाले, "छे छे, तुमी बसा. तिला सवय हाय मागं बसायची."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सवय हाय. पायपुसण्याला पायाची असते तशी सवय.

माझे वडील स्टिअरिंगवर होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. आबांचं मी समजू शकते, ते तसेच होते, दगडाला काय बोलायचं. वडिलांना मात्र घाट ठाऊक होता. आपण हिला काय काय सांगून ठेवलंय हे ठाऊक होतं. आणि तरी ते मूग गिळून बसले. मला कुणी विचारलं की तुला जास्त राग कुणाचा, तर माझं उत्तर हे.

केबिनमध्ये जागा उरली नाही म्हणून आबा स्वतः मागं आले आणि बायकांत उभे राहिले, दोराला धरून, साहेबाला जागा दिल्याचा मोठेपणा तोंडावर घेऊन. आईला म्हणाले, चढा. आई जागची हलली नाही. तिनं वर बघितलं, थेट आबांच्या तोंडाकडं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"सवय न्हाई आबा. बसवलं म्हनून बसले."

एवढंच. आवाजही चढवला नाही. मग वळली आणि घाटाच्या दिशेनं चालायला लागली. चुलती ओरडली, शेजारणी ओरडल्या. मी हौद्यातून उडी टाकली, गुडघा फुटला, आणि तिच्यामागं पळाले.

ट्रक आमच्यामागं हळूहळू येत राहिला. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. मागून आबांचा आवाज, चढ म्हणतो ना. वडिलांनी हॉर्न वाजवला नाही, पुढंही काढला नाही. काही वळणं असंच चाललं, हिरवं लुगडं पुढं आणि ट्रक मागं. बाईसाहेबांचा आवाज मला ऐकू आला, काय सुंदर घाट आहे नाही, असं ती साहेबाला म्हणत होती. मला दगड उचलून त्या काचेवर मारावासा वाटला. मग आईच कडेला झाली, कठड्याला टेकली आणि हातानं खूण केली, जा. ट्रक आमच्या शेजारून गेला. वडिलांनी आमच्याकडं बघितलं, बघितलं आणि गेले. फाळक्यावरून आबा आमच्याकडं बघत लहान होत गेले.

आम्ही दोघी घाट उतरत राहिलो. दोन्ही अंगांना सुकलेली कारवी, कातळातून झिरपणाऱ्या पाण्याच्या काळ्या रेघा, आणि ऊन. मी सारखी बडबडत होते, आबांना शिव्या देत होते. आई म्हणाली, गप. एका वळणावर डोंगर बाजूला झाला. खाली कोकण पसरलेलं, निळसर, आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आई थांबली. नेमकी त्याच वेळी आगगाडी यायला पाहिजे होती, पण आली नाही, तसं घडत नाही. आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो आणि मग कधीतरी ती आली, एका बोगद्यातून निघाली आणि दुसऱ्यात शिरली.

"तुझा बाप खोटं बोलत नव्हता," आई म्हणाली. तिच्या तोंडावर मला आनंद दिसला नाही. एखाद्याचं उसनं फिटल्यावर दिसतं तसं काहीतरी दिसलं. तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पुन्हा चालायला लागली.

अर्ध्याच्या पुढं उतरलो असू, तेव्हा खालून ट्रक परत येताना दिसला. वडील एकटेच. साहेबाला स्टेशनावर, आबांना आणि बायांना लग्नघरी सोडून आले होते. त्यांनी गाडी वळवून घेतली, त्या अरुंद रस्त्यावर मागंपुढं करत, चाक पार कठड्याला लावत. मग खाली उतरून केबिनचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. त्यांचं तोंड रडवेलं झालं होतं. म्हणाले, बस. खोपोलीपर्यंत अजून वळणं हायत. आबांना काय सांगायचं ते मी सांगंन.

मला वाटलं, ती बसेल. मला इतकं वाटत होतं की ती बसावी, मी देवाला हात जोडले. पुढं कुणी नव्हतं, घाट उरला होता, ऊन कलतीला लागलं होतं.

आईनं सीटकडं बघितलं. म्हणाली, "बाईसाहेबांची उठलेली जागा मला नको. माझी व्हती तवा तुमी बोलला न्हाईत."

तिनं माझ्या दंडाला धरून मला पायरीवर चढवलं. वडील घुटमळले, म्हणाले, पोरीला आबा... आईनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मला म्हणाली, "तू बस. आणि हितनं पुढं कुनी उठ म्हनलं तर उठू नको."

मग स्वतः मागं गेली, कुणाचा हात न घेता फाळक्यावरून चढली. वडिलांनी फाळका लावला. गाडी सुरू झाली.

त्यानंतर मला आमच्या ट्रकमध्ये कुणी उठवलं नाही. आबांनी दोनदा बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, संपलं. आई मात्र कधीच पुढं बसली नाही. आबा गेले, ट्रक विकला, वडिलांनी म्हातारपणी सेकंडहँड जीप घेतली ती केवळ तिच्यासाठी, दार धरून उभे राहायचे. ती मागं बसायची. मी भांडले तिच्याशी त्यावरून. कसला एवढा मान म्हणते मी, आयुष्यभर रस्ता बघायचा नाही? तिचाही राग येतो मला, खोटं कशाला बोलू.

पण ते नंतरचं. त्या दिवशी घाटातली उरलेली सगळी वळणं माझ्यासमोर होती, काचेतून, मोकळी, आणि वडील गाडी अगदी हळू नेत होते, मला नीट दिसावं म्हणून. केबिनच्या पाठीला हौद्याकडं उघडणारी एक लहानशी काच होती. खोपोली येईपर्यंत मी त्या काचेलाच तोंड लावून बसले होते. मोकळ्या हौद्यात आई एकटी, हिरवं लुगडं आवरून, माझ्याकडं पाठ करून बसली होती. मी काच वाजवली. तिनं वळून बघितलं नाही.